मातीतली ओल किती, झाडाची किती?

धायरीत आता जमीन गुंठ्यावर विकली जाते. तिच्या पोटात पाणी किती मावते, हे विचारायला कुणी जात नाही. 2017 साली उरलेली धायरीही पुणे महापालिकेत आली. पण सात-बारावरून शेती पुसट झाली म्हणून खालचा बेसाल्ट बदलत नाही. दख्खनमधला सर्वसाधारण नियम इथेही लागू आहे: डोंगरउताराला हातभर खणले की मुरूम, सखल भागात खोल काळी.

भरपूर पाऊस पडून गेला, जादा पाणी निथळले आणि वाफसा आला, की मातीत उरते ती तिची धारणाशक्ती. दुसरे टोक म्हणजे झाड कोमेजते आणि रात्रीच्या गारव्यातही सावरत नाही ती अवस्था. या दोन टोकांमधले पाणी तेवढे झाडाचे. अमेरिकेत ब्रिग्ज आणि शँट्झ यांनी 1912च्या सुमारास नाना पिके मुद्दाम कोमेजवून पाहिली. कोमेजताना किती ओल शिल्लक राहते हे पिकापेक्षा मातीवर अवलंबून असते, असे त्यांना दिसले. पुढे प्रयोगशाळांनी रोपाऐवजी दाब वापरला: चिकण मातीसाठी पहिले टोक वातावरणाच्या दाबाच्या साधारण एक तृतीयांश, दुसरे पंधरा पट.

आता हिशेब. खोल काळ्या जमिनीत वाफशाला वजनाने 36 टक्के ओल आणि कोमेजताना 19 टक्के धरू. फरक 17. घनता 1.3 धरली, तर मीटरभर खोलीत सुमारे 220 मिलिमीटर पाणी, म्हणजे गुंठ्याला जवळपास 22 हजार लिटर. मुरमाड जमिनीत 18 आणि 8, घनता 1.4, खोली फक्त 25 सेंटिमीटर: 35 मिलिमीटर, गुंठ्याला साडेतीन हजार. त्यातही चौथाई खडे असतील, तर तेवढे पाणी वजा. आणि पिकाला ताण बसू द्यायचा नसेल, तर निम्म्याच साठ्यावर भिस्त ठेवायची. दिवसाला 5 मिलिमीटर खर्च धरला तर मुरमाड जमिनीची मदत तीन-चार दिवसांत संपते.

काळ्या मातीची दुसरी बाजूही पाहायला हवी. कोमेजलेल्या झाडाच्या मुळाशी 19 टक्के पाणी असतेच. चिकण कण ते सोडत नाहीत. तरीही सोलापूरकडची रब्बी ज्वारी, आपली मालदांडी, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरून बहुतांशी याच साठवलेल्या ओलीवर दाणे भरते. भेगांवाटे ओल उडू नये म्हणून कोळपणी करायची, आणि ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ हा त्या मुलखातला अनुभव.

मग कमी पडले तर कंपोस्ट घालावे? सेंद्रिय खताने माती पाण्याने भरून जाते, असे गच्चीवरच्या बागेपासून शेतापर्यंत सगळीकडे सांगतात. 2018 साली मिनास्नी आणि मॅकब्रॅटनी यांनी जगभरच्या मोजण्या एकत्र तपासल्या, तेव्हा चित्र मवाळ निघाले: सेंद्रिय कर्ब एक टक्क्याने वाढला, तर 10 सेंटिमीटर थरात झाडाला मिळणारे पाणी सरासरी 1.16 मिलिमीटरने वाढते. वाळूत जास्त, चिकणमातीत कमी. म्हणजे 30 सेंटिमीटरच्या थरात साडेतीन मिलिमीटर. उन्हाळ्यातल्या एका दिवसाचीही सोय नाही. खत घालावे ते भुसभुशीतपणासाठी, अन्नद्रव्यांसाठी, पाऊस आत मुरावा यासाठी. कोठार मोठे करायचे असेल तर खोली हवी.

नव्या सोसायट्यांच्या बागेत पायाखोदाईतला मुरूम दाबून वर वीतभर लाल माती पसरलेली असेल, तर तिथल्या आंब्याला गुंठ्याचा भाव काही उपयोगाचा नाही. कुदळ घालून मुरूम किती खाली लागतो, एवढे आधी पाहावे. मग मूठभर ओली माती बोटांत दाबून पट्टी लांब निघते की लगेच तुटते ते बघावे, आणि त्यावर पाण्याच्या पाळ्या ठरवाव्यात.