पळणाऱ्या लेकराचं ताट

खुलताबादेत म्हैसमाळच्या रस्त्याला पहाटे सराव करणारी आपली मुलं-मुली दिसली की आम्हाला आनंद होतो. पण शाळेच्या क्रॉस कंट्रीचा हंगाम एकट्या लेकराचा नसतो, घराचाही असतो.

चांगली पळणारी मुलगी अचानक मागे पडते, चढाला दम लागतो. घरात म्हणतात, "आळस आलाय." तसं म्हणण्याआधी तिचं रक्त तपासून घ्या. पायांना लागणारा प्राणवायू रक्तातलं हिमोग्लोबिन पोचवतं. वाढीचं वय आणि पाळी यांमुळे मुलींच्या अंगातलं लोह लवकर कमी होतं. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली आलं तर सराव वाढवू नका, सरकारी दवाखान्यात दाखवा. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यावी, चुकवू नये.

ताटाला फार खर्च नको. बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, पालेभाजी, वर लिंबू पिळावं. जमेल तेव्हा अंडं, काळीज. जेवणासोबत चहा नको. त्यानं लोह अंगी लागत नाही. सरावाआधी केळं किंवा गूळ-शेंगदाणे द्या. रात्री मोबाईल बाजूला ठेवून लवकर झोपवा.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे लहानपणी ६ किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जात. सैन्यात ते क्रॉस कंट्री पळू लागले आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्णपदक त्यांनी जिंकलं.

लेकरू मैदानावरून आलं की नंबर नंतर विचारू. आधी विचारू, जेवलीस का?