नसल्यास, कारणे काय?

भिवंडीचा नदीनाका ओलांडून वाड्याच्या रस्त्याला लागल्यावर यंत्रमागांच्या खडखडाटात ज्या शेलारची हद्द केव्हा सुरू झाली हे उमगत नाही, त्या गावाला २०११च्या जनगणनेने शहर म्हणून मोजले. वस्ती किमान ५,०००, घनता चौरस किलोमीटरला ४०० आणि पुरुष मुख्य कामगारांपैकी ७५ टक्के बिगरशेती, अशा त्या कसोट्या. कारभार मात्र ग्रामपंचायतीच्याच दप्तरातून चालत राहिला.

या विसंगतीवर लोकप्रतिनिधीसाठी प्रश्नाचा मसुदा करावयास बसलो, तेव्हा पहिले वाक्य साहजिकच असे उतरले : ‘ही स्थिती ७४व्या घटनादुरुस्तीशी विसंगत नाही काय?’ ते लागलीच खोडावे लागले. मत मागणारा, अमूर्त कायदेशीर मुद्द्याचा उलगडा मागणारा किंवा न्यायप्रविष्ट बाबीची माहिती विचारणारा प्रश्न लोकसभेच्या नियम ४१ अन्वये दाखलच होत नाही. शिवाय जनगणना केंद्राची, तर स्थानिक स्वराज्य राज्याचे. तेव्हा एकाच तक्रारीचे दोन तुकडे करणे प्राप्त झाले. दिल्लीला विचारावयाचे ते एवढेच, की ठाणे जिल्ह्यात अशी जनगणना-शहरे किती व कोणती. आणि मुंबईला, की ग्रामीण स्थितीतून नागरी स्थितीकडे जाणारे क्षेत्र म्हणून शेलारबाबत राज्यपालांची अधिसूचना निघाली आहे काय. असल्यास कोणत्या तारखेस. नसल्यास, कारणे काय?

दिल्लीच्या प्रश्नास किमान १५ दिवसांची पूर्वसूचना आणि १५० शब्दांची मर्यादा. सोडतीत एका दिवसाच्या २० तारांकित प्रश्नांत नंबर लागला आणि सभागृहात त्याची पाळी आली, तरच उपप्रश्नाची संधी. एरवी २३० अतारांकितांत लेखी उत्तरावर समाधान.

‘घटना’ हा शब्द अखेरच्या मसुद्यात कोठेही उरला नाही, आणि तरीही प्रश्न घटनेचाच राहिला. कारण घटनेचा अर्थ लावणे हे न्यायालयाचे काम असून, मंत्री जबाबदार असतो तो केलेल्या अथवा टाळलेल्या कृतीला. त्याचे मत वादात टिकेलच असे नाही. त्याने सांगितलेली तारीख किंवा दिलेले कारण मात्र पुढे त्याच्यापुढेच ठेवता येते. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ ही मखलाशीदेखील लोकसभेत आश्वासन गणली जाते, ते तीन महिन्यांत पुरे करावयाचे असते, आणि त्याचा पाठपुरावा करणारी स्वतंत्र समिती आहे.