लिफाफा आणि त्यावरील पत्ता

गिरगांवच्या चाळींत पोस्टकार्ड येई, तेव्हां वाटेंत तें कोणीहि वाचूं शके. म्हणून खाजगी मजकुरासाठीं लोक बंद लिफाफा वापरीत. तरी कोणाचें पत्र कोणास आलें, हें लिफाफ्यावरून कळेच.

मोबाइलवरील संदेशांचेंहि असेंच आहे. व्हॉट्सॲपनें २०१६ सालीं सर्व संदेश मोहोरबंद केले; मजकूर कंपनीसहि वाचतां येत नाहीं. तथापि कोण कोणाशीं केव्हां बोलतो, ही बाहेरची माहिती तिला मिळूं शकते. २०२१ सालीं, कांहीं माहिती मेटाच्या इतर कंपन्यांस देण्यास संमति द्यावी, नाहीं तर सेवा सोडावी, अशी अट तिनें पुढें केली. पुष्कळजण सिग्नल व टेलिग्रामकडे वळले. (टेलिग्रामवरील साधें संभाषण तर असें मोहोरबंद नसतेंच.) परंतु आप्तेष्ट, शाळा, दुकानदार सर्व जुन्याच ठिकाणीं, तें पुरतें सोडणें थोड्यांसच साधलें. जेथें सोडून जाणें कठीण, तेथें संमति खरी कशी म्हणावी? भारतीय स्पर्धा आयोगानें २०२४ सालीं मेटास २१३ कोटींहून अधिक रुपये दंड केला. अपिलांतहि २०२५ सालीं तो कायम राहिला.

विद्यार्थिमित्रांनो, पत्र बंद आहे काय, एवढेंच विचारूं नका; लिफाफ्यावरील पत्ता कोण टिपून ठेवतो, हेंहि विचारा.