दुसऱ्याचा हात

‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत समोरच्या अंगणात शिरलेल्या गड्याकडे तीस सेकंद असतात. तेवढ्यात कुणाला तरी शिवायचं आणि मध्यरेषा गाठायची. समोर सात जण. साहजिकच सगळं मैदान त्या एकट्याकडे बघत असतं. पण एखादा सामना असा बघा, की त्याच्याकडे बघायचंच नाही. मागच्या कोपऱ्यात वाकून उभ्या असलेल्या पोराकडे बघायचं, आणि त्याच्या शेजारी, त्याच्या बोटांत बोटं अडकवून उभ्या असलेल्या दुसऱ्याकडे. खेळातली सगळ्यात नवलाची गोष्ट तिथं चाललेली असते, आणि ती बहुतेक वेळा दोन डोळे मिचकावण्याइतक्या अवधीत संपते.

भीमेच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. मांडवगण फराटा म्हणा, नदीपलीकडचं पारगाव म्हणा, या उसाच्या पट्ट्यात कबड्डी कळणाऱ्यांचा तोटा नाही. यात्रेतले सामने बघायला जावं ते निम्मं खेळासाठी आणि निम्मं कडेला बसलेल्या जुन्या खेळाडूंची बडबड ऐकण्यासाठी. चढाईपटूनं काय करावं हे ते फारसं सांगत नाहीत. त्यांचा सगळा जीव बचावात. “आरं थांब की, यिऊ दी त्याला आत!” “साखळी सोडू नगं!” आणि कोपऱ्यातल्यानं घोटा धरला पण मधला पोचला नाही, की हळहळ. शिव्या मात्र धरणाऱ्याला पडत नाहीत, न पोचलेल्याला पडतात. मला वाटतं, या म्हाताऱ्यांना खेळाचं मर्म नेमकं ठाऊक आहे: जोडी पहिल्यामुळे होत नाही, दुसऱ्यामुळे होते.

का, ते समजायला मैदान मापून बघावं लागेल. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. म्हणजे एका बाजूच्या वाट्याला साडेसहा मीटर खोली. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदानरेषा, तिच्यामागे एक मीटरवर बोनस रेषा, आणि बोनस रेषेच्या मागे उरतात अवघे पावणेदोन मीटर. कोपरारक्षक तिथं दबा धरून असतो. बोनसच्या मोहानं चढाईपटूचा पाय रेषेपलीकडे पडला की त्याच्या आणि मध्यरेषेच्या मध्ये जेमतेम पाच मीटर. पण त्यालाही पाच मीटर धावायचं नाही. त्याचं एक बोट मध्यरेषेपलीकडे टेकलं तरी पुरे. आडवा पडून हात लांबवलेला माणूस दोन मीटरच्या वर जातो. म्हणजे खरी झुंज तीनेक मीटरची.

आता कोपऱ्यातल्यानं घोटा पकडला असं धरा. पाय थांबला, पण धड थांबलेलं नाही. चढाईपटू घोट्यासकट, म्हणजे घोट्याला लोंबकळणाऱ्या माणसासकट, पुढं झेपावतो. भले भले गडी एकट्याच्या पकडीतून असे निसटतात. म्हणून कुणीतरी त्याच क्षणी त्याच्या आणि मध्यरेषेच्या मध्ये यायला हवं: छातीनं अडवायला, मांडीला हात घालून पट काढायला, नाहीतर धक्का देऊन बाहेर फेकायला. हे काम मध्यरक्षकाचं, ज्याला आता खेड्यातही सगळे कव्हर म्हणतात. एकानं पाय रोखायचे, दुसऱ्यानं वाट.

आणि ‘त्याच क्षणी’ हीच अडचण आहे. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर शरीर हलायला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो, तेही काय करायचं हे आधीच ठरलेलं असेल तर. त्यानंतर पाऊल टाकायचं, अंतर कापायचं. घोटा धरला गेल्याचं दिसल्यावर निघालेला मध्यरक्षक पोचेपर्यंत चढाईपटूचं बोट रेषेपलीकडे गेलेलं असतं. मग जे वेळेवर पोचतात ते कसे पोचतात? उत्तर एकच: ते पकड होण्याआधी निघालेले असतात. जे घडलेलं नाही त्याला प्रतिसाद देत असतात.

यात जादू नाही, पण जादूच्या जवळपास जाणारं काहीतरी आहे. २००८ साली इटलीत साल्वातोरे आग्लिओती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बास्केटबॉलवर एक प्रयोग केला. फ्री थ्रोची चित्रफीत मध्येच तोडून दाखवायची आणि चेंडू जाळ्यात पडेल का ते विचारायचं. अंदाज करणारे तीन प्रकारचे: खेळाडू, प्रशिक्षक नि क्रीडापत्रकार असे जाणकार प्रेक्षक, आणि नवखे. प्रशिक्षक नि पत्रकारांनीही हजारो फेकी पाहिलेल्या. तरी खेळाडू त्यांच्या आधी आणि जास्त अचूक सांगत होते, चेंडू हातातून सुटायच्याही आधी. त्यांनी वाचला होता तो चेंडू नव्हे, शरीर. ज्याच्या अंगात ती हालचाल मुरलेली आहे, त्यालाच ती दुसऱ्याच्या अंगात उगवताना दिसते. मध्यरक्षक अशीच दोन शरीरं एकदम वाचत असतो: एक परक्याचं, एक आपल्या जोडीदाराचं. आणि परक्याच्या शरीराची सवय व्हायला सामन्यात वेळ मिळत नाही. जोडीदाराच्या शरीराची मात्र वर्षानुवर्षं झालेली असते. तो झेप घेण्याआधी डावा खांदा किंचित पाडतो, हे घरच्यांना माहीत नसेल, शेजारच्या कव्हरला माहीत असतं.

पण बास्केटबॉलच्या खेळाडूकडे नसलेली एक गोष्ट कबड्डीत आहे. इथं जोडीदार एकमेकांचा हात धरून उभे असतात.

ही साखळी प्रेक्षकाला वाटते तशी नुसती भिंत नाही. सात जण असताना दोन्ही कोपऱ्यांत दोन-दोन आणि मध्ये तिघे, अशी एक रूढ मांडणी. चढाईपटू डावीकडे सरकला की सगळी माळ त्याच्याबरोबर लवते, मागे होते, पुन्हा पसरते. हातातून काय जातं? ओढ, ढील, दाब. स्पर्शाला माणूस डोळ्यांपेक्षा थोडा लवकर प्रतिसाद देतो, फरक साधारण एक विसांश सेकंदाचा. तेवढ्यात वेगानं पळणारा गडी पाव मीटर पुढं जातो. हातभर नाही, पण वीतभर नक्कीच, आणि कबड्डीतले कितीतरी गुण वितीवर ठरतात.

गंमत याच्याही पुढं आहे. २०१४ साली गौरीशंकर गणेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-दोन माणसांना वेगवेगळ्या यंत्रांच्या मुठी धरायला दिल्या. समोरच्या पडद्यावर हलणाऱ्या लक्ष्याचा प्रत्येकानं आपापल्या मुठीनं पाठलाग करायचा. मधूनमधून दोन्ही मुठी यंत्रामार्फत, अदृश्य स्प्रिंग लावावी तशा, जोडल्या जायच्या. जोडलेल्या अवस्थेत माणसांचं काम सुधारलं. चांगल्याशी जोडलेला कच्चा सुधारला, हे समजू शकतं. पण कच्च्याशी जोडलेला चांगलाही सुधारला! ओढला जाऊन बिघडला नाही. आणि हाच फायदा नोंदवून ठेवलेल्या, प्रतिसाद न देणाऱ्या हालचालीशी जोडल्यावर तसा मिळत नव्हता. पलीकडे जिवंत, ऐकणारा माणूस लागत होता. कबड्डीच्या साखळीवर हा प्रयोग झालेला नाही, त्यामुळे इथून तिथं उडी मारताना जपून मारावी. तरी ‘साखळी सोडू नगं’ या ओरडण्याकडे मी आता निव्वळ शिस्तीची सूचना म्हणून पाहू शकत नाही.

आता हिशेब. कबड्डीचा एक नियम फार कडक आहे, आणि माझ्या मते जगातल्या सांघिक खेळांत तो फार देखणाही आहे. चढाईपटू निसटला, तर त्याला हात लावलेले सगळे बाद. म्हणजे मदतीला धावणं फुकट नाही. मदत करणारा स्वतःला पणाला लावतो. उदाहरणासाठी आकडे धरू. एखादा कोपरारक्षक एकट्यानं दहापैकी चार पकडी यशस्वी करतो. चार गुण मिळाले, सहा गेले, वजा दोन. जोडीदार वेळेवर आला तर दहापैकी सात साधतात. सात मिळाले, पण उरलेल्या तिन्ही वेळा दोघेही बाद, म्हणजे सहा गेले, अधिक एक. तोट्याचा धंदा नफ्यात आला. आणि जोडीदार उशिरा आला तर? उशिरा आलेल्या हातानंही थोडी मदत होतेच, समजा दहापैकी पाच साधल्या. पकडी वाढल्या, पण पाच मिळाले नि दहा गेले, वजा पाच! न आलेल्यापेक्षा उशिरा आलेला महाग पडला.

म्हणून चांगला मध्यरक्षक कधीकधी जोडीदाराला डोळ्यांदेखत एकट्यालाच जाऊ देतो. बाहेरून तो कचखाऊ वाटतो. खरं तर ही पकड आपली नाही, हे त्यानं ओळखलेलं असतं. आणि कोपऱ्यातलाही त्याला नंतर दोष देत नाही. ही त्या जोडीची सगळ्यात अवघड कमाई असावी. वरचंच गणित पुढं नेलं तर नफा-तोटा समान व्हायला एकट्यानं दोनपैकी एक पकड साधायला हवी, दोघांनी तीनपैकी दोन, तिघांनी चारपैकी तीन. जितके हात, तितकी खात्री जास्त लागते. फक्त मैदानात तीन किंवा त्याहून कमी जण उरले की अव्वल पकडीचे दोन गुण मिळतात आणि हिशेब पालटतो. मघाचाच एकटा, दहात चार साधणारा, आता आठ मिळवून सहा घालवतो. मोडकळीला आलेला संघ अचानक अंगावर का धावून जातो, याचं कोडं मला या आकडेमोडीनं सुटलं.

मैदानावर जोड्या कशा जमतात त्याची दोन उदाहरणं अगदी उलट टोकांची आहेत. प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली तेव्हा यू मुंबाच्या उजव्या कोपऱ्यात मोहित छिल्लर आणि डाव्या कोपऱ्यात सुरेंदर नाडा होते. पुढच्याच वर्षी अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली यू मुंबानं बंगळुरू बुल्सला ३६-३० असं हरवून विजेतेपद मिळवलं. हे दोघे शेजारी नव्हते, मैदानाच्या दोन टोकांना होते. तरी ती जोडीच होती. एका कोपऱ्याची धास्ती घेतलेला चढाईपटू नकळत दुसऱ्याकडे सरकतो, आणि दुसरा त्याचीच वाट बघत असतो. पुढं दोघे बंगळुरूकडे गेले, मग हरियाणा स्टीलर्सकडे. संघ बदलले, कोपरे तेच राहिले.

दुसरं उदाहरण पुण्याचं. दहाव्या हंगामाचा अंतिम सामना १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला झाला आणि पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं. कर्णधार शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. धावफलक असा आटलेला असला की समजावं, बचाव बोललाय. डाव्या कोपऱ्यात इराणचा मोहम्मदरेझा शादलूई, त्याच्या बाजूला कव्हरला आपला संकेत सावंत. पलीकडे तमिळनाडूचा अबिनेश नादराजन आणि उत्तरेकडचा गौरव खत्री. चौघांच्या घरची भाषा एक नव्हती. शादलूई तर घाईघाईनं अंगावर जाण्यासाठी प्रसिद्ध, यात्रेतल्या म्हाताऱ्यांनी त्याला “थांब की!” म्हणून घसा बसवला असता. त्याच्या शेजारी उभं राहणाऱ्याला त्याची घाईच पाठ करावी लागली असणार.

इराणचं नाव निघालं की २०१८ आठवतं. जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या पुरुषांनी उपांत्य फेरीत भारताला २७-१८ असं रोखलं. महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणनंच भारताला २७-२४ असं हरवलं. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आपल्याच मातीतली साखळी समोरच्या बाजूनं येऊन आपल्याभोवती आवळली गेली, हे पाहताना अभिमान वाटावा की वाईट, हे त्या दिवशी पुष्कळांना ठरवता आलं नाही.

बर्फावरच्या हॉकीत ही जोडीची कल्पना उघडपणे मान्य केलेली असते. तिथं आक्रमक तिघा-तिघांच्या तुकड्यांनी आणि बचावपटू दोघा-दोघांच्या जोड्यांनी मैदानात उतरतात, आणि पाऊणएक मिनिटात जोडीच्या जोडी बदलते. व्हँकूव्हरच्या संघानं १९९९ साली सेदीन हे स्वीडनचे जुळे भाऊ लागोपाठच्या दोन क्रमांकांवर मुद्दाम निवडून घेतले, आणि ते २०१८ पर्यंत एकत्र खेळले. आपल्याकडच्या लिलावात मात्र हातोडा एकेकाच्या नावावर पडतो. दहाव्या हंगामासाठी पुण्यानं शादलूईवर २ कोटी ३५ लाख लावले, ते त्याच्या एकट्याचे. त्याच्या शेजारचा हात त्या बोलीत नव्हता.

पुढच्याच हंगामात शादलूई हरियाणाकडे गेला. अस्लम दुखापतग्रस्त झाला आणि पुणेरी पलटण बाद फेरीपर्यंतही पोचली नाही. यातलं किती साखळी तुटल्यामुळे आणि किती अस्लमच्या गुडघ्यामुळे, हे वेगळं काढता येत नाही. उलट शादलूईनं माझ्या सिद्धांताची पंचाईतच केली. २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यात, बालेवाडीलाच, हरियाणा स्टीलर्सनं पाटणा पायरेट्सला ३२-२३ असं हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. डाव्या बाजूला शादलूईच्या जोडीला आता कर्णधार जयदीप दहिया होता, आणि ओळख जेमतेम एका हंगामाची.