क्रॉस ट्रेनर : आधी जुळवणी, मग व्यायाम

बुलडाणा : व्यायामशाळेत ‘क्रॉस ट्रेनर’ या नावाने ओळखले जाणारे इलिप्टिकल यंत्र गुडघ्यांना जपते, असा समज रूढ आहे. तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे. वापरणाऱ्याची उंची आणि ताकद यांच्याशी यंत्र जुळवून घेतले, तरच त्याचा लाभ मिळतो. अन्यथा ज्या दुखण्याच्या भीतीने धावणे सोडले, तेच दुखणे पुन्हा पदरी पडण्याची शक्यता असते.

अमेरिकेतील प्रीकॉर कंपनीने १९९५ मध्ये हे यंत्र बाजारात आणले. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार पायावर येतो. या यंत्रावर पाऊल पेडलवरून उचललेच जात नाही; ते लंबवर्तुळाकार मार्गाने फिरते आणि जमिनीवर आपटण्याचा धक्का टळतो. उन्हाळ्यात घाटाखालच्या खामगाव, मलकापूर, शेगाव परिसरात दिवस वर आल्यावर बाहेर चालणे नकोसे होते. अशा वेळी घरातील किंवा व्यायामशाळेतील हे यंत्र उपयोगी ठरते.

जुळवणी कशी करावी?

यंत्र सपाट जमिनीवर असावे. ते डुगडुगत असल्यास खालच्या पायांचे स्क्रू फिरवून समतोल साधावा. घरी जोडलेल्या यंत्राचे नट-बोल्ट वापराने सैल होतात, म्हणून ते ठरावीक काळाने पान्याने आवळावेत. पेडल वर जाताच माणसाची उंचीही वाढते. त्यामुळे छत आणि पंखा यांच्यापासून डोके पुरेसे दूर राहते ना, हे आधीच पाहावे. यंत्रावर लिहिलेली वजनमर्यादा ओलांडू नये. पावलाची लांबी बदलता येत असल्यास पाय ओढले जाणार नाहीत आणि गुडघे पूर्ण ताठ होणार नाहीत, इतकीच ती ठेवावी.

रेझिस्टन्स अगदी शून्यावर ठेवणे ही नवशिक्यांकडून हमखास होणारी चूक आहे. तसे केल्यास फिरत्या चाकाचा वेगच पायांना ओढून नेतो आणि शरीरावरील ताबा सुटतो. उलट तो फार वाढविल्यास गुडघ्यांवर ताण येतो. व्यायाम करताना श्वास वाढावा, परंतु एखादे वाक्य सलग बोलता यावे, हे साधे माप पुरेसे आहे.

वापरताना काय सांभाळावे?

चढताना स्थिर दांडा धरून आधी खाली असलेल्या पेडलवर पाय ठेवावा. उतरताना चाक पूर्ण थांबू द्यावे. पाठ सरळ आणि नजर समोर असावी. दांड्यावर भार टाकून वाकू नये, कारण त्यामुळे पायांचे काम कमी होते आणि मनगटे व कंबर दुखू लागतात. प्रारंभी ५ ते १० मिनिटे पुरेशी आहेत. पडद्यावरील कॅलरींचा आकडा केवळ अंदाज असतो. विजेवर चालणाऱ्या यंत्रात वीज गेल्यास रेझिस्टन्स अचानक बदलू शकतो, म्हणून एक हात दांड्यावर असावा. लहान मुलांना फिरत्या पेडलजवळ फिरकू देऊ नये.

उद्यानांतील खुल्या व्यायामशाळांत याच धर्तीची साधने असतात. तेथे रेझिस्टन्स किंवा पावलाची लांबी बहुधा बदलता येत नाही. त्यामुळे वेग कमी ठेवणे आणि साधन सैल अथवा गंजलेले नाही ना, हे तपासणे एवढेच वापरणाऱ्याच्या हाती उरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. हे उद्दिष्ट एकाच आठवड्यात गाठण्याचा अट्टहास टाळावा. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा गुडघ्यांची जुनी व्याधी असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यानेच सुरुवात करावी. छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा असह्य दम लागणे यांपैकी काहीही जाणवल्यास व्यायाम तत्काळ थांबवून डॉक्टरांना गाठावे.