गाळलेल्या जागा संगणक भरतो

२०२३ साली आमच्या औरंगाबाद शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. समजा, शाळेच्या चाळीस पानी माहितीपुस्तकात हे नाव साठ ठिकाणी आले आहे. 'शोधा आणि बदला' ही आज्ञा दिली की काम झाले, असे तुम्ही म्हणाल. पण थांबा! त्याच पुस्तकात 'पूर्वीचे औरंगाबाद' असे शब्द असतील, तर यंत्र तेथेही नवे नाव घालील. आमच्या विद्यापीठाचेच पाहा. १९५८ साली ते 'मराठवाडा विद्यापीठ' म्हणून स्थापन झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी ते 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' झाले. १९८५ च्या पदवीचा उल्लेख करताना मात्र जुनेच नाव हवे. यंत्राला अक्षरे दिसतात, साल कळत नाही.

यावर उपाय तुम्ही बीजगणितात शिकलाच आहात. तेथे आपण संख्येऐवजी 'क्ष' लिहितो आणि किंमत नंतर घालतो. वर्डसारख्या लेखन-प्रणालीत असा 'क्ष' ठेवता येतो. त्याला फील्ड म्हणतात. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शहर' नावाची नोंद करून तिची किंमत एकदाच लिहायची आणि मजकुरात जेथे आजचे नाव हवे, तेवढ्याच ठिकाणी तिचे फील्ड घालायचे. इतिहासातले नाव साध्या अक्षरांत लिहायचे. लिबर ऑफिस या मोफत प्रणालीतही ही सोय आहे.

वर्डमध्ये ऑल्ट आणि एफ-९ या कळा एकदम दाबा. नाव नाहीसे होऊन महिरपी कंसातली एक सूचना दिसेल. कागदपत्रात खरे तर ही सूचनाही साठवलेली असते. आपण वाचतो ते तिचे मागच्या वेळी काढलेले उत्तर. म्हणून किंमत बदलली तरी पडद्यावर जुनेच नाव राहते. सर्व मजकूर निवडून नुसती एफ-९ कळ दाबली, की उत्तरे नव्याने निघतात. पृष्ठक्रमांकाचे फील्ड मात्र आपले आपणच बदलत राहते.

तारखेच्या फील्डपासून सावध राहा. मी स्वतः फसलो आहे. जूनमध्ये पाठवलेल्या एका पत्राची प्रत ऑगस्टमध्ये काढली, तर तिच्यावर ऑगस्टची तारीख! मी 'डेट' हे फील्ड घातले होते आणि ते फाइल उघडली की आजची तारीख दाखवते. पत्र कधी लिहिले याचा पुरावाच त्यामुळे पुसला गेला. पत्रावर तारीख हाताने टाइप करावी, हे उत्तम. फील्डच हवे असेल, तर फाइल तयार झाल्याची तारीख देणारे 'क्रिएट-डेट' वापरावे.

आता आपल्या मराठीची एक गंमत. सहलीच्या शंभर पत्रांत गावाचे नाव यादीतून आपोआप भरायचे आहे. याला मेलमर्ज म्हणतात. तुम्ही फील्डला चिकटून 'ला' लिहिले. पैठणला, खुलताबादला, संभाजीनगरला, सारे ठीक. पण पुढच्या पत्रात येते 'जालनाला', मग 'अजिंठाला' आणि 'पुणेला'! आपण जालन्याला, अजिंठ्याला, पुण्याला म्हणतो. प्रत्ययापूर्वी नावाचे रूप बदलते. हे सामान्यरूप फील्डला ठाऊक नाही. इंग्रजीत नावाआधी वेगळा शब्द येतो आणि नाव तसेच राहते, म्हणून तेथे ही अडचण भासत नाही.

उपाय सोपा आहे. प्रत्यय न लावता 'येथे', 'येथील', 'येथून' लिहा. 'जालना येथे', 'पुणे येथून' असे लिहिले की मूळ नावाला धक्का लागत नाही. सरकारी पत्रांतला हा 'येथील' मला पूर्वी उगाच जड वाटे; आता तो कामाचा वाटतो. तुमच्या वर्गातील मुलांच्या गावांची यादी करा आणि त्यांतली किती नावे 'ला' लावल्यावर बदलतात, ते मोजून पाहा. वेरूळ लिहिताना मात्र रू आणि रु यांकडे नीट लक्ष द्या.