टेम्पो कोणी चालवायचा?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या क्लबाचे सचिव माझ्या दवाखान्यात आले. वय सदुसष्ट, बँकेतून निवृत्त. क्लबात सारे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणते. डोके जड आहे आणि झोप लागत नाही, एवढीच तक्रार होती. पाच मिनिटे शांत बसवून रक्तदाब मोजला, थोड्या वेळाने पुन्हा मोजला. १६८/१००. गोळ्या नियमित चालू आहेत ना, असे विचारताच ते खिडकीबाहेर पाहू लागले. "सहलीची धावपळ होती, डॉक्टर. आठ-दहा दिवस राहूनच गेल्या."

त्यांच्या संमतीनेच ही हकीकत लिहीत आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे एखादे काका असतातच. कोणी सोसायटीचे सचिव असतात, कोणी गणेशोत्सवाचे खजिनदार, तर कोणी ज्येष्ठ नागरिक संघाचे कार्यवाह. आमचा क्लब जुन्या मोटरसायकलींचा, एवढाच फरक.

पुण्यात या गाड्यांचे वेड जुने आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी बाहेर पडू लागल्या. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, गाड्या मात्र राहिल्या. माझ्याकडे वडिलांची १९६८ ची जावा आहे, काकांकडे १९७४ ची येझदी. किक आणि गिअर यांचा दांडा एकच, पेट्रोलमध्ये मोजून ऑइल मिसळायचे, सुट्या भागांसाठी बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार पालथा घालायचा. हे एकट्याने होणारे काम नव्हे, म्हणून क्लब. निवृत्तीनंतर ज्यांचा दिवस रिकामा झाला आहे, अशा माणसांना दर रविवारी कोणीतरी आपली वाट पाहते आहे ही जाणीव किती सावरून धरते, हे मी वैद्य म्हणून पाहिले आहे.

आणि तोच क्लब माणसाला आजारीही पाडू शकतो.

वादाचे निमित्त होते पॉइंट. जुन्या गाडीत ठिणगी नेमक्या क्षणी पडावी म्हणून कॉन्टॅक्ट पॉइंट असतात. ते झिजतात, त्यांतील अंतर बिघडते आणि गाडी भर रस्त्यात रुसते. क्लबातील तरुण सभासदांनी त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले होते. वार्षिक प्रदर्शनात अशा गाड्यांना स्थान द्यावे का, हा प्रश्न. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले, त्यांत गाडी मूळ रूपात असावी अशी अट आहे. 'मूळ रूप' या दोन शब्दांवर आमची बैठक तीन तास चालली. इंग्लंडमध्ये १९४६ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबानेही आरंभी १९३१ पूर्वीच्याच गाड्यांना मान दिला होता आणि पुढे ती मर्यादा सैल केली. तेव्हा हा वाद आमचाच आहे असे मानण्याचे कारण नाही.

पण मला जे दिसले ते निराळे होते. काका पॉइंटच्या बाजूने बोलत होते, तेव्हा एक तरुण उठला आणि त्याने मागील सहलीतील टेम्पोच्या डिझेलची पावती मागितली. रक्कम आठशे चाळीस रुपये. खोलीत एकदम शांतता पसरली. काका काही न बोलता वही मिटून घरी गेले.

त्या रात्रीनंतर झोप उडाली ती उडालीच. हिशेब विचारला म्हणून रक्तदाब वाढला, असे सरधोपटपणे म्हणणे वैद्यकशास्त्राला धरून होणार नाही. संतापाने तो चढतो, तसा काही वेळाने उतरतोही. परंतु चुकलेल्या गोळ्या, अपुरी झोप, धावपळीत बाहेरचे खारट खाणे आणि मनात सतत घोळणारा अपमान हे सारे एकत्र आले की मग तो सहजी खाली येत नाही. बरे वाटू लागले म्हणून किंवा वेळ नाही म्हणून रक्तदाबाची गोळी स्वतःहून थांबवू नये, हे मी रोज सांगते. समाजकार्य करणारा रुग्ण ते रोज ऐकतो आणि विसरतो.

गोळ्या पुन्हा सुरू केल्या, आठवड्याने बोलावले. त्या वेळी काकू बरोबर होत्या. त्या म्हणाल्या, "पावतीचं काय घेऊन बसलात? सहा वर्षं झाली, यांनी स्वतःची गाडी सहलीला नेलेली नाही."

मी थक्क झाले. सहा वर्षे मी त्याच सहलीत होते. बंद पडलेल्या गाड्या उचलायला मागे टेम्पो असतो आणि तो काका चालवतात, हे मला ठाऊक होते. म्हणजेच त्यांची येझदी घरी उभी असते, हे मात्र कधी मनात आले नव्हते. ज्याने पावती मागितली त्याच्याही आले नसावे. चाळीस सभासदांच्या क्लबात कामे करणारे जेमतेम पाच. त्या पाचांना थकवा येतो, थकव्यातून चिडचिड आणि मग भांडण पॉइंटवरून होते.

पुढील बैठकीत मी एका फळ्यावर वर्षभरातील कामे आणि करणाऱ्यांची नावे लिहिली. काकांना ते मुळीच आवडले नाही, "सेवेचा हिशेब मांडायचा नसतो" म्हणाले. मला ते पटत नाही. पैशांचा हिशेब मागता येतो, तर श्रमांचाही मांडता आला पाहिजे. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवायचे नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते म्हणून त्यांची धूळ फुंकायची नाही, हे दोन ठरावही त्याच फळ्यावर उरकून घेतले. ते मात्र विनाविरोध मंजूर झाले. प्रदर्शनाचा प्रश्न सुटला नाही. दोन जुने सभासद क्लब सोडून गेले, त्यांपैकी एक माझ्या वडिलांचे मित्र होते, आणि त्याची बोच आजही आहे.

यंदा जुलैत सहल निघाली तेव्हा टेम्पोवर तो पावती मागणारा तरुण होता. खंबाटकी चढून वाई गाठली. पसरणी घाटात पावसाने झोडपायला सुरुवात केली आणि तिसऱ्या वळणावर काकांची येझदी बंद पडली. इंजिनाच्या झाकणात पाणी शिरून पॉइंट भिजले होते. मागून टेम्पो येऊन थांबला. तरुण उतरला, प्लगचा पाना आणि कोरडे फडके घेऊन काकांशेजारी उकिडवा बसला आणि झाकण उघडू लागला.

"एक शब्द बोलू नकोस," काका म्हणाले.

"मी कुठं काय बोललो, काका? बॅटरी धरा जरा."